आज तुला सुट्टीच की!

रविवार, रात्री उशिरा

आज जेवण गच्चीवर निखाऱ्यांवर भाजायचं ठरलं होतं, चिमटा भाऊजींच्या हातात. "वहिनी, आज तुला सुट्टीच की!" ते गच्चीवरून ओरडले आणि सगळे हसले. मीही हसले. आता ओटा पुसून झाला, दूध विरजून झालं, तरी ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

तर सुट्टीचा हिशोब. दही काल रात्रीच फडक्यात टांगलेलं. अर्धा किलो पनीरला वाटीभर चक्का, २ चमचे खमंग भाजलेलं बेसन, आलं-लसूण, काश्मिरी तिखट, चुरडलेली कसुरी मेथी आणि चमचाभर मोहरीचं तेल. बेसनामुळे मसाला पनीरला धरून राहतो. ते नसलं की दही निखाऱ्यात गळतं आणि काडीवर पांढरे चौकोन उरतात. मीठ अगदी वर न्यायच्या वेळी, कारण आधी घातलं तर कांदा-सिमला मिरचीला पाणी सुटून सगळा मसाला डब्याच्या तळाशी. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात बुडवून, नाहीतर टोकं पेटतात. हे सगळं खाली झालं. वर फक्त डबे गेले. कौतुक चिमट्याचं.

आणि चिमटेवाल्यांनाही दोनदा बजावावं लागलं की ज्वाळ आहे तोवर जाळीवर काही ठेवू नका. कोळशावर पांढरी राख चढायला २५-३० मिनिटं जातात. तेवढा धीर नसला की बाहेरून कोळसा, आतून कच्चं. चिकनच्या तंगड्यांना हाडापर्यंत चिरा द्यायच्या, निखारे एका अंगाला ओढायचे, तंगड्या दुसऱ्या अंगाला झाकणाखाली शिजवायच्या आणि शेवटची दोन-तीन मिनिटंच निखाऱ्यांवर घ्यायच्या. चरबी थेट ठिबकली की भडका उडतो आणि काजळीची कडू चव बसते. मनूचा तो टोचायचा थर्मामीटर हाडाजवळ ७४ अंश दाखवेपर्यंत पानात वाढायचं नाही. हे कोणी सांगितलं? सुट्टीवर असलेल्या बाईने.

अक्कांनी जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदची भरिताची वांगी पाठवली होती. हिरवीगार, पांढऱ्या रेघांची, हातात घेतली की आकाराच्या मानाने हलकी. जड वांगं बियांनी भरलेलं निघतं, ते भरिताला नको. खानदेशात ही कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात, इथे गच्चीवर त्या कुठून आणणार, म्हणून सगळ्यांची पानं मांडेपर्यंत उरलेल्या निखाऱ्यांवर मीच भाजली. सुरीने चार ठिकाणी टोचायचं, नाहीतर फुटतं. तेलाचा हात लावला की साल पुढे अलगद निघते. देठाजवळ दाबून बघायचं, कारण पोट मऊ झालं तरी तो भाग शेवटपर्यंत कडक राहतो. मग दहा मिनिटं झाकून ठेवायचं आणि सुटलेलं काळसर पाणी ओतून द्यायचं. तेच कडू लागतं. किलोभर वांग्यांना ८-१० हिरव्या मिरच्या आणि मूठभर लसूण, तेही भाजलेलंच. सगळं ठेचायचं, मिक्सरला लावायचं नाही, त्यात बिया भरडतात आणि भरिताची खळ होते. अक्कांकडे लाकडी बडगी आहे, माझ्याकडे खलबत्ता. वरून तेलात तळलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडे भरीत खात नाही.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भाजणारीला अजून कसलंच मिळालेलं नाही.

जेवायला बसताना मुलांना वाटलं, काड्यांनी पोट भरेल. भरत नाही. सासूबाई तर पनीरकडे... जाऊ दे. शेवटी "थोडं पिठलं टाक ना" हे आलंच. वाटीभर बेसन ३ वाट्या गार पाण्यात कालवून घ्यायचं. गरम पाण्यात कालवलं की बाहेरचं पीठ लगेच शिजतं, आत कोरडं राहतं, त्या गुठळ्या मग कितीही घोटा. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण जरा लालसर, मिरची, कांदा, हळद. वरून कालवण ओतायचं, जरा दाट होईपर्यंत ढवळायचं, मग झाकून मंद आचेवर ७-८ मिनिटं. पळीवरून सैल ओघळत असतानाच गॅस बंद, कारण पानात येईपर्यंत ते आळतंच.

आणि भाकरी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून पाणी कढत हवं. दळून महिना झालेल्या पिठाला विरी राहत नाही, कडा थापतानाच फुटतात. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की भेगा पडतात आणि मग ती फुगत नाही. दुसरी बाजू शेकली की थेट आचेवर. आज एकूण एक फुगली. एकानेही वर बघितलं नाही.

ही सुट्टी! तेव्हा मला खरंच रडू येत होतं, पण ते कांद्यावर खपवता आलं.

मग वरून भाऊजी आले. डोळे लाल, मनगटावर पोळलेलं, शर्टाला धुराचा वास. सगळ्यांना गरम वाढता वाढता त्यांच्या वाट्याला आलेलं पनीर गार होऊन रबरासारखं झालं होतं. ते बाजूला सारून त्यांनी मुकाट्याने पिठलं-भाकरी ओढली. कढईची खरवड काढून दे म्हणाले. मी दिली. अर्धी. उरलेली अर्धी माझी होती, ती मी उभ्यानेच खाल्ली.

म्हणजे वर होता तोही शेवटी, खाली होती तीही शेवटी. फोटोत मात्र ते आहेत, हे खरं. पण फोटोत ते डोळे मिटून खोकताहेत, हेही खरं, आणि ग्रुपवर तो मीच टाकलाय.

पाव पोतं कोळसा उरलाय, पुढच्या रविवारी पुन्हा म्हणतायत. चिमटा मी घेणार, असं सांगून टाकलंय. पिठल्याची चिठ्ठी फ्रिजवर लावून ठेवते: गार पाणी, ३ वाट्या, गुठळ्या झाल्या तर मला हाक मारू नये.