कौलवही

रविवार, रात्री साडेअकरा

आईने फोनवर सहज विचारलं, "तुझ्या त्या वहीत आबांचो कौल लिवलंस काय?"

असेल ना, म्हटलं. "बरा," म्हणाली, आणि मग नारळ पाडणाऱ्याने झाडामागे किती घेतले यावर अर्धा तास बोलली.

फोन ठेवून वही काढली, देवाला लावलेल्या कौलांची. नाहीये.

दोनदा बघितलं. आबांचा कौल ऑगस्टमधला. त्याआधी जूनमधला एक आहे, विहिरीवरच्या पंपाचा. त्यानंतर एकदम मार्च. मधे कोरी ओळसुद्धा नाही, म्हणजे राहून गेलं असंही म्हणता येत नाही. राहून गेलेल्या नोंदी मी एरवी समासात बाण काढून घुसवतो. अक्काच्या दुसऱ्या वेळचा कौल तर आठ महिन्यांनी घुसवलाय, कारण तो चुकला होता.

ही वही सुरू केली २०१३ च्या गणपतीत. पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. माझं डोकं फिरलेलं होतं, आणि घरी पोचतो तर सगळे देवळात, कौल लावायला. गुरवकाकांनी पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवल्या, गाऱ्हाणं सुरू केलं, मागे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत उभे. मीही उभा, हाताची घडी घालून. एक पाकळी तेलकट दगडावरून इंचभर घसरली, थांबली, परत घसरली आणि पडली. उजवा, म्हणजे देवाचा होकार; डावा म्हणजे नकार. आईचा चेहरा सैल झाला. मला त्या सैल होण्याचाच राग आला होता, आज लिहिताना कळतंय. तेव्हा वाटलं होतं, अंधश्रद्धेचा आलाय.

त्याच रात्री निळ्या पुठ्ठ्याच्या वहीवर रकाने आखले. तारीख, प्रश्न, उजवा की डावा, पुढे काय झालं. शेवटचा रकाना लाल पेनाचा: बरोबर की चूक. आणि पहिल्या पानावर, वळणदार अक्षरात, डार्विनचा नियम. आत्मचरित्रात त्याने सांगितलंय की आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती ताबडतोब टिपून ठेवायचा, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशाच गोष्टी डोक्यातून लवकर निसटतात. हे मी लिहिलं होतं आईसाठी. म्हणजे तिला कधीतरी वही दाखवायची, आणि दाखवताना हे पान आधी उघडायचं.

आबांचा कौल डावा आला होता. ऑपरेशन करू का, विचारलं होतं. दुसऱ्यांदाही डावा.

पुढचं काही लिहीत नाही.

लिहीत नाही म्हणजे पुन्हा तेच करतोय का? तो कौल "खरा ठरला" असं मला म्हणायचंच नाहीये. डॉक्टरांनी धोका सांगितला होता, कागदावर सही माझी होती, आणि न करण्यातही धोका होताच. दगडावरची पाकळी हृदयाच्या झडपेबद्दल काही जाणत नाही, हे मला आजही तितकंच पटतं. मग लिहायला काय हरकत होती? ३१ चे ३२ झाले असते. बेरजेला काही फरक पडला नसता. हिशेब बिघडणार नव्हता तरी मी ती ओळ लिहिली नाही, म्हणजे मी हिशेब करत नव्हतो.

वर आणखी गंमत. आज बसून विचार करताना दहा मिनिटांत मला एक पळवाट सापडली, आणि ती बिनचूक आहे. "करू का?" हा परवानगीचा प्रश्न झाला. "होईल का?" असं देवाला विचारलं तर उत्तर बरोबर की चूक ते पुढे तपासता येतं. "करू का" ला कसं तपासणार? नाही केलं असतं तर काय झालं असतं ते कुणाला ठाऊक? म्हणजे आबांचा कौल वहीत धरायचाच नव्हता. सुटलो. एवढ्या वर्षांत हा मुद्दा कधी सुचला नाही, आणि आज, नेमका आज, सुचला.

सुचलाच आहे तर मग सगळ्यांना लावू, म्हणून चहा करून बसलो. वहीत ३१ कौल. त्यातले २२ मी लाल पेनाने चूक ठरवलेले. हा आकडा मी भावजींना, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, कुठे कुठे सांगितलाय. आता "करू का" वाले बाजूला काढले तर ते निघाले १७. उरले १४. त्यात ७ बरोबर, ६ चूक, आणि एक विहीर.

विहिरीची नोंद जशीच्या तशी उतरवतो: "पाणी लागेल का? उजवा. ४० फुटांवर लागलं. मेमध्ये आटलं. चूक."

का चूक? विचारलं होतं लागेल का. लागलं. बारा महिने टिकेल का, असं कुणीच विचारलं नव्हतं. मे महिन्यात आमच्याकडे कुणाची विहीर आटत नाही? आई अशाच खुबीने उलट्या बाजूने बोलते तेव्हा मी हसतो. "काम झाला पण उशिरान झाला, देवान खय सांगल्यान कधी होतला ता?"

नारळीकर, दाभोलकर आणि मंडळींनी २००८ मध्ये ज्योतिषाची चाचणी घेतली होती, तीही मी सगळ्यांना ऐकवत असतो. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळलेल्या, प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका, ओळखा कुठली कुणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सगळ्यात जास्त बरोबर आलेला २४ वर थांबला. छापा-काटा केला असता तरी सरासरी २० आले असते. तिथे कशाला बरोबर म्हणायचं ते उत्तरं येण्याआधी ठरलं होतं. माझ्या वहीत ते मी, उत्तर आल्यावर, लाल पेन हातात घेऊन ठरवत होतो. ऐकवताना हा फरक कधी डोळ्यांपुढे आला नाही.

अजून एक. उजव्या अंगाला समई असते, उष्णतेने पाकळी लवकर सुकते म्हणून कौल जास्त उजवे येतात, असा माझा एक सिद्धांत होता. फार आवडता. आज मोजले. उजवे १६, डावे १५. समईचं नाव नको.

आणि २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला तो दिवस. मी सांगतो की मी रांगेत उभा राहिलो, चमच्यातून दूध सोंडेवरून खाली ओघळताना बघितलं आणि तेव्हाच मला कळलं. पृष्ठताण वगैरे. अक्का म्हणते, तू चमचा नाचवत घरी आलास आणि "प्यायला, प्यायला" करून ओरडत होतास. आजवर मी तिला खोटं पाडत आलोय. आज तितकी खात्री वाटत नाही.

तर मी कोण झालो? आई चुकलेले कौल विसरते, मी बरोबर आलेले. ती निदान वही ठेवत नाही.

हे लिहून एकदम हसू आलं. ७ बरोबर, ६ चूक! मला हवं होतं तेच तर आहे. नाणं उडवल्यासारखं. वही नीट ठेवली असती तरी माझंच म्हणणं निघालं असतं, थोडं कमी दणक्यात. २२ ची हाव सुटली म्हणून सगळं नासलं. (हेही मी आज मोजलंय, आणि मोजणारा तोच आहे. अक्काला वही देऊन पुन्हा मोजून घ्यायला हवं. तिला लाल पेन द्यायचं नाही.)

पावणेएकला परत फोन केला. आई जागीच होती, या वयात झोप कुठली. म्हटलं, आबांचा लिहिला नव्हता, आत्ता लिहितो. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिव. पण त्या तांबड्या पेनान लिव नको."

मग सांगायला लागली, येत्या सोमवारी कौल लावायचाय. घरावरची कौलं काढून पत्रे घालायचे का, याचा. कौलांचा कौल. म्हटलं, आई, असं विचारू नकोस, तपासता येईल असं विचार. पत्रे घातले तर पाच पावसाळे गळणार नाहीत ना, असं विचार. म्हणजे मला आधीच लिहून ठेवता येईल.

"देवाक असा इचारतत नाय."

बरं. उजवा आला तर?

"तर पैसे तू देतलंस."

आणि डावा आला तर?

"डावो इलो तरी घराक छप्पर व्हयाच मरे."