थंडीत तंबू आतून का भिजतो

डिसेंबरात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर मुक्काम करून आलेल्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते: तंबू गळतो. पाऊसच नाही तर गळेल कसा? ते पाणी आपल्याच श्वासाचं. झोपेत एक माणूस श्वास आणि घामावाटे साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. जास्तीची वाफ गार कापडावर थेंब होऊन बसते. त्यात निरभ्र रात्री वरचं कापड बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतं, म्हणून चांदणं लख्ख असतं तेव्हाच तंबू जास्त भिजतो.

उपाय एकच मोठा आहे, आणि नेमका तोच लोक टाळतात: हवा खेळती ठेवा. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेनी लावून घेऊ नका. वरची झडप पूर्ण उघडी, दाराची चेन वरून वीतभर उघडी आणि वाऱ्याच्या बाजूला बाहेरच्या कापडाचा काठ जमिनीपासून चार बोटं वर. गार हवा खालून येते, दमट हवा वरून निघून जाते. थंडीसाठी कानटोपी आणि एक जादा स्वेटर घाला, पण स्लीपिंग बॅगेत तोंड खुपसून झोपू नका. सगळी ओल बॅगेच्या आतल्या भरणात जिरते.

पठारावर जांभ्यात खुंट्या शिरत नाहीत, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, बाहेरचं कापड आतल्याला चिकटतं आणि पाणी थेट अंथरुणावर. झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणाच.

काळम्मावाडी किंवा राधानगरीच्या जलाशयाकडे गेलात तर पाण्यालगतची खोलगट जागा सोडा, गार आणि दमट हवा तिथेच साचते. थोडं वर, झाडाखाली तंबू लावा. वाळकी फांदी डोक्यावर नाही ना, तेवढं पाहा.

ओले मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. तंबूत गॅस पेटवू नका: १०० ग्रॅम ब्युटेन जळला की दीडशे ग्रॅमच्या वर पाणी तयार होतं. शिवाय कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो. शेगडीलाही हाच नियम.

सकाळी घडी घालण्याआधी सुती पंच्याने आतून पुसून घ्या. घरी आल्यावर गच्चीवर सावलीत पूर्ण वाळवा. ओला गुंडाळून ठेवलेल्या तंबूला बुरशी धरते आणि आतला जलरोधक थर कालांतराने चिकट होऊन सुटायला लागतो. मग तो पावसात खरोखर गळतो.