आईची पुडी आणि सकाळी आठचं रक्त

आईचा कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणात शरीराला तगवून धरणारं हार्मोन, 1.2 आला तेव्हा मशीनसमोर मीच उभा होतो. मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी 19 वर्षं टेक्निशियन आहे. रोज शेकडो नळ्या हातून जातात, पण त्या रात्री नळीवरचं नाव तीनदा वाचलं आणि नमुना परत लावला. दुसऱ्यांदा 1.3.

आम्ही मूळचे तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग. आई गावीच भावाकडे असते. तीन दिवसांपासून तिला उलट्या होत होत्या, उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. गावात सलाईन लावलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी भाऊ गाडीत घालून मिरजेला घेऊन आला. रक्तदाब 80/50 आणि साखर 58. दीड वर्षापूर्वी जिला डायबेटीस निघाला, तिची साखर 58.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टर मॅडमनी फाईल उघडायच्या आधी आईचे हात बघितले. कोपराखाली जांभळे डाग, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी. चेहरा गोल, मानेमागे मांस चढलेलं, हातपाय मात्र काटकुळे.

"आजी, कसल्या पुड्या, गोळ्या घेता का?"

"न्हाई वं. शुगरच्या तेवढ्या."

मॅडमनी तिच्याशी वाद घातला नाही. मला म्हणाल्या, "कॉर्टिसॉल आणि एसीटीएचला रक्त काढून घ्या, मी लगेच इंजेक्शन देते. रिपोर्टसाठी थांबायचं नाही." हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल, 100 मिलिग्रॅम शिरेतून आणि बरोबर सलाईन. पहाटेपर्यंत आईने स्वतःहून चहा मागितला. रिपोर्ट हातात यायच्या आधी उपचार सुरू करायचे असतात हे मला लॅबच्या बाजूने कधी दिसलंच नव्हतं.

एसीटीएच म्हणजे कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारं हार्मोन, त्याचा नमुना फार नाजूक. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी आधीच बर्फात गार करून ठेवायची, रक्त घेतलं की परत बर्फात, आणि लगेच थंड सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा काढायचा. नळी तशीच टेबलावर पडून राहिली तर हार्मोन तुटतं आणि रिपोर्ट खोटाच कमी येतो. बर्फाचा डबा छातीशी धरून मी जिना उतरलो.

मग आला तो 1.2. निरोगी माणसात सकाळी आठला कॉर्टिसॉल साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असतो. रात्री तो उतरतो हे खरं, पण माणूस इतका आजारी असला की घड्याळ बाजूला राहतं, शरीर कॉर्टिसॉल ओतायला लागतं आणि आकडा 18 च्या वर जायला हवा. आईचा चेहरा सांगत होता की कॉर्टिसॉल भरमसाट आहे. तिचं रक्त सांगत होतं की जवळजवळ नाहीच. एसीटीएचही तळाला. मूत्रपिंडावरची, कॉर्टिसॉल बनवणारी ॲड्रिनल ग्रंथीच बिघडली असती तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीने तिला जागं करायला एसीटीएच वाढवलं असतं. इथे दोघीही गप्प. याचा अर्थ एकच होता: कॉर्टिसॉलचंच काम करणारं स्टेरॉईड बाहेरून येत होतं, त्याने या दोघी झोपल्या, आणि ते अचानक थांबलं.

सकाळी मी प्रश्न फिरवून विचारला. "आई, तुझे गुडघे दुखायचे ना गं? ते थांबले कसे?"

"ती पुडी व्हती की. पर ते काय औषध न्हवं, झाडपाल्याचं हाय."

अडीच वर्षं. आठवडी बाजारात एक माणूस यायचा, सकाळ-संध्याकाळ एक पुडी. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला, आईजवळचा साठा संपला आणि सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. अशी पुडी तपासायला मिसळलेली रसायनं वेगळी करून ओळखणारी यंत्रं, एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री, लागतात, ती आमच्याकडे नाहीत. आणि तपासायला पुडीही उरली नव्हती.

इथे एक गोष्ट लॅबवाला म्हणून सांगायलाच हवी. आपलं कॉर्टिसॉल मोजणारं मशीन सगळीच स्टेरॉईडं ओळखत नाही. डेक्सामेथासोन त्याला जवळपास दिसत नाही. प्रेडनिसोलोन मात्र अर्धवट कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं, कारण दोघांची घडण सारखी. म्हणजे पेशंट प्रेडनिसोलोनवर असला तर आकडा फसवा चांगला दिसतो. पोटात काय गेलंय हे कळल्याशिवाय आमच्या रिपोर्टला अर्थ नाही.

अडीच वर्षं मी घरी जात-येत होतो. बेदाण्याच्या शेडवर बायका म्हणायच्या, तुझ्या आईची तब्येत सुधारली बघ. मलाही बरं वाटायचं. डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सला असताना कुशिंगचं, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल किंवा स्टेरॉईड जास्त झाल्याच्या आजाराचं वर्णन मी पाठ केलं होतं: गोल चेहरा, पोटावर जांभळे पट्टे, चटकन उठणारे काळेनिळे डाग. ते माझ्याच घरात ताट वाढत होतं आणि मी त्याला तब्येत म्हणत होतो. हे मला अजून लागतं.

आईवर मी रागावलो नाही. दुखणं थांबल्यावर कोण विचारतं? सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या 29 वर्षांच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन, याच जातीचं स्टेरॉईड, टोचलं, आणि काही दिवसांत ती चालू लागली. हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना 1950 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. पण गोल होणारे चेहरेही त्याच डॉक्टरांना लवकरच दिसू लागले होते. आमच्या बाजारातल्या माणसाने औषधाचा पहिला अर्धा भाग विकला, दुसरा सांगितला नाही.

एंडोक्रायनॉलॉजिस्टांनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, समजावलं तेव्हा आई मध्येच म्हणाली, "म्हंजी टँकर येतोय म्हटल्यावर हिरीचा उपसा कोण करतंय? हीर गाळानं भरली." डॉक्टर म्हणाले, आजी, अगदी तसंच. दुष्काळात बाग टँकरवर जगवलेल्या बाईला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

विहिरीचा गाळ काढायला 13 महिने लागले. हायड्रोकॉर्टिसोन सकाळी 10, दुपारी 5, संध्याकाळी 5 मिलिग्रॅम. मग संध्याकाळची बंद, मग दुपारची. दर दोन-अडीच महिन्यांनी सकाळी आठचं रक्त. आदल्या दिवशी फक्त सकाळची गोळी घ्यायची, त्यानंतरची नाही, आणि दुसऱ्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच. म्हणून आई आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला यायची. रक्त नेहमी मीच काढायचो, कातडी इतकी नाजूक की टेप लावायलाही भीती वाटायची. आकडे 2.9, 4.4, मग 7.6.

डॉक्टर ज्या हिशोबाने चालत होते तो युरोप आणि अमेरिकेतल्या एंडोक्राईन संस्थांनी मिळून 2024 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतला. सकाळचा कॉर्टिसॉल 10 च्या वर गेला तर ग्रंथी सावरली असं धरून गोळी थांबवता येते. 5 च्या खाली असेल तर गोळी चालूच. मधल्या पट्ट्यात धीर धरायचा किंवा एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ग्रंथीला हलवून बघायचं. 7.6 ला ती चाचणी केली. आमच्या पद्धतीत 18 हवे होते, तासाभराने 13.9 आले. गोळी चालू राहिली.

आकड्यांपेक्षा गुडघे कठीण गेले. पुडी गेल्याबरोबर दुखणं दुपटीने परत आलं, अंग ठेचल्यासारखं व्हायचं, मन उतरून जायचं. आकडा ठीक असतानाही असं होतं, शरीर सवयीच्या डोसला हुडकत असतं. एकदा फोनवर रडत म्हणाली, "मला ती पुडी आणून दे, मी सुखानं मरंन." त्या आठवड्यात मी रजा काढून गावी राहिलो. फिजिओथेरपीचे व्यायाम, गुडघ्याचा पट्टा, पॅरासिटामॉल, चुलीजवळ खाली बसणं बंद, उंच स्टूल. यांतलं काहीही पुडीसारखं एका दिवसात काम करत नव्हतं.

ताप, उलट्या, दात काढणं, असं काही निघालं तर डोस दुप्पट करायचा हे भावाला आणि वहिनीला पाठ करायला लावलं. गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन आणि थेट दवाखाना. आईच्या बटव्यात मराठीत लिहिलेली चिठ्ठी असते: "मला स्टेरॉईडची गरज आहे, हायड्रोकॉर्टिसोन द्या." खरड छाटणीच्या दिवसांत तिला ताप आला तेव्हा वहिनीने मला न विचारता डोस वाढवला. तेव्हा पहिल्यांदा मी निवांत झोपलो.

शेवटचा आकडा 11.3. या वेळीही मी नमुना परत लावला. 11.1. तोवर साखरेच्या गोळ्याही निम्म्यावर आल्या होत्या. चिठ्ठी मात्र बटव्यातून काढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं, मोठ्या आजारात पुढचं वर्षभर तरी ती लागू शकते.

मागच्या महिन्यात गावी गेलो तर चुलती पिशवी घेऊन आली. आत पुड्या. तिचा चेहराही गोल दिसला, आणि या वेळी मला दिसला. ती म्हणत होती, तुझ्या आईचं ऐकून मी आजपासून सगळं सोडलं. आईने पिशवी तिच्याच हातात परत दिली.

"आसं एकदम सोडू नगंस बाई, जीव जाईल. आधी ह्याच्यासंगं मिरजेला डॉक्टरांकडं चल. एक पुडी संगं घे, दाखवाय लागंल."

सोमवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. मागच्या सीटवर चुलती आणि आई, चुलतीच्या मांडीवर ती पिशवी.