बाराव्या आठवड्याचा हिशोब: लीगमध्ये ‘वाटा’ कसा आला

आमच्या दहा जणांच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये तिसऱ्या आठवड्यात माझे ७१ गुण झाले, दहांत दुसऱ्या नंबरचे. तरी हरलो, कारण ७४ करणारा एकटा माणूस नेमका माझ्याच समोर पडला होता. त्याच आठवड्यात वेंगुर्ल्याच्या तात्यांनी ३८ गुणांवर सामना मारला. त्यांच्या समोरच्या मालवणच्या पोराच्या घरी गणपती, त्याने टीम उघडूनही बघितली नव्हती. जखमी खेळाडूंसकट त्याचे ३५ झाले. तक्त्यात तात्यांना ३, मला शून्य. त्या रात्री वही उघडली. (आहे स्प्रेडशीटच, पण आमच्या ग्रुपवर तिला वही म्हणतात.)

फँटसी प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खरे खेळाडू निवडून कागदावरची टीम करायची, ते मैदानात जसे खेळतील तसे तुम्हाला गुण. दर आठवड्याला एकेकाशी समोरासमोर खेळणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे. खऱ्या मैदानात समोरच्याचे गोल अडवायला तुमचे बॅक असतात, गोलकीपर असतो. इथे समोरच्याने कर्णधार म्हणून (कर्णधाराचे गुण दुप्पट) स्ट्रायकर हालांडला निवडलं आणि त्याने तीन गोल ठोकले, तर तुम्ही फक्त बघत बसायचं. म्हणजे वेळापत्रकात कोण कधी वाट्याला येतो, यावर तक्ता हलतो. त्यातून चतुर्थीला झोपलेली टीम कुणाला मिळाली, ही तर निव्वळ लॉटरी.

पहिली पायरी सोपी होती. दर आठवड्याला प्रत्येकाचा सामना उरलेल्या नऊही जणांशी झाला असं धरायचं आणि किती जणांना हरवलं ते मोजायचं. स्प्रेडशीटमधलं काउंटइफचं, म्हणजे मोजणीचं, एक सूत्र, बरोबरीला अर्धा, आणि बेरजेला ९ ने भागलं की ‘व्हायला हवे होते’ तेवढे विजय मिळतात. इथे माझी एक चूक झाली. ठरलेल्यापेक्षा जास्त खेळाडू बदलले की दर बदलीला ४ गुण कापतात; पहिले काही आठवडे मी ते वजा न करताच आकडे भरले होते. सावंतवाडीच्या मित्राने ते पकडलं आणि सगळं पुन्हा भरावं लागलं. वही करणार असाल तर वजा केलेलेच गुण घ्या.

बारा आठवड्यांनंतर माझ्या १०८ तुलनांत ६६ जमेला, म्हणजे ७.३३ विजय. प्रत्यक्षात ४. तात्यांच्या ४५, म्हणजे बरोबर ५. प्रत्यक्षात ८. हे ग्रुपवर टाकलं आणि तात्यांचं एका ओळीत उत्तर आलं: “नाचूक येना, आंगण वाकडा.”

बरोबर होतं त्यांचं. हरणाऱ्याने नियम मोजायला घेतले की संशय येणारच. म्हणून दुसरी पायरी. सामन्यांचा सांगाडा तसाच ठेवून त्यावरची दहा नावं अदलाबदल करायची. अशा रचना ३६,२८,८०० होतात. एवढ्या कशाला, कॉम्प्युटरवर पायथॉनच्या प्रोग्रॅममध्ये दहा हजार वेळा पिसून काढल्या. गुण तेच, फक्त समोरचा माणूस वेगळा. चार किंवा कमी विजय मला फारच थोड्या वेळा मिळाले. नुसती नावं फिरवली की विजय बदलतात हे दिसल्यावर ग्रुप जरा गप्प झाला.

मध्ये बेसबॉलच्या आकडेवारीवाल्या बिल जेम्सचं, किती विजय व्हायला हवे होते ते सांगणारं सूत्रही लावून बघितलं: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. आपल्याकडे ते चालत नाही. बेसबॉलमध्ये दिलेल्या धावांत तुमची गोलंदाजी दिसते. इथे ‘दिलेले गुण’ म्हणजेच वेळापत्रकाचं नशीब. जे काढायचं तेच सूत्रात घालून बसतो आपण.

आता बदलायचं काय? फक्त सगळ्यांशी तुलना ठेवली तर समोरासमोरची मजा जाते, शनिवारी एकमेकांना चिडवायला काही उरत नाही. दुसरा पर्याय मध्यकाचा: सामन्याचे ३ ठेवायचे आणि त्या आठवड्याच्या वरच्या पाच जणांना आणखी ३ द्यायचे. मी १२ पैकी ९ वेळा वरच्या अर्ध्यात, तात्या ५ वेळा. माझे १२ आणि २७, त्यांचे २४ आणि १५. दोघेही ३९! कागदावर हे मला फार गोड वाटलं, आणि म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. शिवाय पाचव्याचे ५२ आणि सहाव्याचे ५१ असले की एका गुणासाठी तीन गुण जातात. एक जुगार काढून दुसरा बसवल्यासारखं.

शेवटी जे ठरलं ते असं. सामन्याचे ३ आणि बरोबरीचा १ तसेच. त्यावर, नऊपैकी जितक्यांना हरवलं त्याचा एक-तृतीयांश. म्हणजे आठवड्याला शून्य ते तीन. याला ‘वाटा’ हे नाव मालवणच्या पोराने दिलं. त्याच्या घरची रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोरी ओढायला जो हजर, त्याला मासळीचा वाटा, कुणाच्या बाजूला जास्त बांगडे आले ते कोणी विचारत नाही. झोपलेल्या टीमचा फायदाही यात एकट्याला न जाता सगळ्यांत वाटला जातो. या हिशोबाने माझे १२ आणि २२ मिळून ३४, तात्यांचे २४ आणि १५ मिळून ३९. बारा गुणांचं अंतर पाचावर आलं, पण पुढे तात्याच. मला वाटतं हेच बरं. आठ सामने जिंकलेल्या माणसाला खाली ओढणारी पद्धत कोण मान्य करेल?

एक गाठ अजून सुटलेली नाही. दहा जणांचं एक चक्र ९ आठवड्यांचं, चार चक्रं ३६, आणि हंगाम ३८ आठवड्यांचा. उरलेल्या दोन आठवड्यांत कुणाला कोण पाचव्यांदा मिळणार, ही पुन्हा तीच लॉटरी. माझं म्हणणं, तेव्हा सामने नकोत, फक्त दुप्पट वाटा. सावंतवाडीकर म्हणतो, शेवटच्या आठवड्यात सामना नसेल तर मी झोपेन. मतदान बाकी आहे.

यंदाचं सुरमईचं जेवण जुन्या तक्त्यावरच ठरेल, चालू हंगामात नियम बदलायचा नाही हे मीच मांडलं. वाटा बाजूच्या रकान्यात दिसत राहील. तेराव्या आठवड्यात माझ्यासमोर तात्या आहेत. काल त्यांचा मेसेज आला: “रे, तुझो वाटो किती झालो ता सांग. सामन्याचा माका ठाऊक आसा.”