पुन्हा पुस्तक बदलायला लागले

ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या लोकलचं एक मोठं सुख होतं, बसायला मिळायचं. सीएसएमटीपर्यंत साधारण तास जायचा. लेडीज डब्यात कोणी मटार सोलत असायचं, कोणी स्तोत्र पुटपुटत असायचं, मी वाचत असायचे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतलं माझं बहुतेक वाचन मध्य रेल्वेनेच करून घेतलं.

ते नेमकं कधी थांबलं हे सांगता येणार नाही. 2016 च्या सप्टेंबरनंतर मोबाइल डेटा जवळजवळ फुकट झाला आणि डब्यातल्या सगळ्या माना खाली गेल्या, त्यात माझीही. पण सगळं फोनच्या माथी मारणं मला पटत नाही. माझं काम विम्याच्या दाव्यांचं, म्हणजे दिवसभर वाचायचंच. त्या वाचनात डोळे ओळीवरून चालत नाहीत, उड्या मारतात. रक्कम कुठे आहे, तारीख कुठली, सही झाली का. ती सवय संध्याकाळीही सुटेना. कथेत पावसाचं वर्णन आलं की डोळे थेट परिच्छेदाच्या तळाशी, आणि तिथे कामाचं काही सापडायचं नाही. कारण कामाचं काही नव्हतंच, पाऊस होता. दोन पानं उलटल्यावर लक्षात यायचं की हा माधव कोण, ते आपल्याला ठाऊकच नाही. मग फोन.

उपाय सगळे करून झाले. वर्षभरात अमुक पुस्तकं असा संकल्प सोडला, त्यासाठी एक अॅप घेतलं. त्यात वाचलेल्या पानांचा आलेख दिसायचा. आकडा गाठायचा म्हणून मी पातळ पुस्तकं शोधायला लागले आणि ऑफिसातलं टार्गेट घरी आलं. मैत्रिणीने ‘ही वाचलीच पाहिजेत’ अशी यादी पाठवली. त्यातली एक पुरस्कारप्राप्त जाडजूड कादंबरी प्रदर्शनातून आणली आणि ती उशाशी धूळ खात बसली. ‘वाचलीच पाहिजेत’ या याद्यांबद्दल माझं मत तेव्हापासून फारसं चांगलं नाही.

मग आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांत थेंब, काळा चष्मा, आणि नवा नंबर मिळेपर्यंत वाचायला डोळ्यांवर ताण द्यायचा नाही. आई म्हणजे दर शनिवारी पुस्तक बदलणारी बाई. ठाण्यात 1893 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पण तिचं वाचनालय आमच्या गल्लीच्या टोकाचं, दोन खोल्यांचं, सरकारी श्रेणीत ‘क’ वर्गातलं. तिथल्या बाई तिच्यासाठी शिकारकथा नि रहस्यकथा बाजूला काढून ठेवतात. घरी आणलेलं पुस्तक अर्ध्यावर राहिलं होतं. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “वाच गं जरा, पुढे काय झालं ते तरी कळू दे.”

मोठ्याने वाचताना उडी मारता येत नाही, हे मला पहिल्याच रात्री समजलं. प्रत्येक शब्दाला तोंडातून जावं लागतं. लांब वाक्य असलं तर श्वास कुठे घ्यायचा ते आधी पाहावं लागतं, म्हणजे पुढची ओळही नीट बघावी लागते. मी एकदा जंगलाच्या वर्णनातली चार वाक्यं हळूच गाळली. “मचाण बांधलं कधी?” आईने काळ्या चष्म्याआडून विचारलं. मागे जाऊन वाचावं लागलं. संवाद आले की तिला आवाज बदलून हवे असत, आणि संशयित कोण यावर तिचं आपलं मत तयार असे, बहुतेक वेळा चुकीचं.

चष्मा आल्यावर तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. “तुझ्या वेगाने मला झोप येते,” म्हणाली. तिचं बरोबर होतं, पण माझी गोष्ट अर्धी राहिली. दुसऱ्या दिवशी ती दुपारची झोपलेली पाहून मी ते पुस्तक उचललं आणि चहा गार होईपर्यंत वाचत बसले. ओठ हलत होते, हलू दिले. अजूनही दाट मजकूर आला की मी पहिलं पान पुटपुटत वाचते. डोळे ताळ्यावर येतात, मग ओठ आपोआप थांबतात.

त्यानंतरचं श्रेय दिवाळी अंकांचं. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा आपल्याकडचा फराळ आहे, आणि विस्कळीत वाचकाला याहून सोयीचं काही नाही. कथा नाही आवडली तर पान उलटा, परिसंवाद कंटाळवाणा वाटला तर हास्यचित्रं पाहा. अर्धवट सोडल्याचं पाप लागत नाही. वाचनालयात एकरकमी वर्गणी भरली की अंक आळीपाळीने मिळतात आणि मागे कोणीतरी नंबर लावून असतं, त्यामुळे उशाशी धूळ खाण्याची मुभा नसते. आमच्याकडे काही अंक फिरत फिरत फेब्रुवारीत पोचले. आई त्यातलं वार्षिक राशिभविष्य उघडून नोव्हेंबर-डिसेंबर खरे ठरले का ते तपासत बसायची. धनलाभ लिहिला होता. झाला नाही.

आता परतीच्या गाडीत वाचते. सकाळी नाही, सकाळी मला झोपच हवी असते. फोन पर्सच्या तळाच्या कप्प्यात असतो. चेन उघडायचा आळस पुष्कळदा माझ्या कामी येतो. पाचशे पानी कादंबरी अजून जमलेली नाही आणि ती पुरस्कारवाली तर मी वाचनालयाला देऊन टाकली. प्रवासवर्णनं मात्र भराभर जातात, विशेषतः कोकणातली आणि हिमालयातली. एका खात्यावर दोनच पुस्तकं मिळतात, ती दोन्ही आई शनिवारी आपल्या आवडीची उचलून आणते आणि मला तिच्यानंतर मिळतात, तीही खुनी कोण ते ऐकल्यावर. म्हणून परवा अनामत भरून मी माझं वेगळं खातं उघडलं.