स्ट्रँगलथॉर्नमध्ये लेव्हलिंग: ऐरोलीत बसून, सकाळी सहाला

वॉव क्लासिक (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमची जुनी आवृत्ती) खेळणाऱ्या कोणालाही विचारा की कुठे कंटाळून सोडलंस, दहातले निम्मे तरी स्ट्रँगलथॉर्न व्हेलचं नाव घेतील. तीस ते पंचेचाळीस लेव्हलचं हे जंगल, उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेलं, वाघ बिबटे रॅप्टर ट्रोल सगळं एकाच ठिकाणी, आणि वर हॉर्ड आणि अलायन्स या दोन्ही विरोधी फॅक्शनची पब्लिक एकाच वेळी तिथे घुसलेली. मी हॉर्डमध्ये हंटर खेळते, म्हणजे पाळीव जनावर (पेट) घेऊन फिरणारी शिकारी, सर्व्हर युरोपचा, पिंग, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास असतो, हंटरला तेवढा चालतो. हे लिहितेय कारण ऑफिसच्या ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं की तू तिथून इतक्या आरामात कशी निघालीस, आणि व्हॉट्सॲपवर टाइप करून करून बोटं दुखली माझी.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. या झोनमध्ये तुम्हाला मॉब, म्हणजे गेमने सोडलेले शत्रू, मारत नाहीत, म्हणजे मारतात, पण वेळ तिथे जात नाही. वेळ जातो चालण्यात आणि गर्दीत. चाळीस लेव्हलच्या आधी माउंट, म्हणजे स्वारीचं जनावर, नसतं, आणि ते मिळालं तरी शंभरेक गोल्ड लागतं, तोपर्यंत सगळं पायी. बूटी बे हे गॉब्लिनांचं बंदर एकदम दक्षिणेच्या टोकाला, नेसिंगवारी या शिकाऱ्याचा कॅम्प उत्तरेला, हॉर्डचा तळ ग्रॉमगोल मधोमध पश्चिम किनाऱ्यावर. नकाशात बघितलं तर वाटतं केवढंसं ते अंतर, घोडबंदर रोडसारखंच, नकाशावर बोटभर आणि प्रत्यक्षात अर्धी संध्याकाळ.

आता गर्दीचं. आपल्याकडे रात्री अकराला पोरं झोपली, भांडी आवरली, की लॅपटॉप उघडतो आपण. त्या वेळी युरोपात संध्याकाळचे साडेसहा-साडेसात वाजलेले असतात, सगळे ऑफिसातून घरी येऊन लॉगिन झालेले. वाघ उगवायच्या आधी तिथे तीन जण उभे. मग मी उलटं केलं, पहाटे उठायला लागले. सकाळी सहा म्हणजे तिकडे रात्रीचा दीड किंवा अडीच, त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात तासाने पुढे जातं म्हणून हा फरक. झोन अक्षरशः रिकामा. महापेला ऑफिस आहे माझं, नऊच्या आधी निघायची गरज नसते, त्यामुळे सहा ते साडेसात मी आणि माझा पेट आणि संपूर्ण जंगल. नवरा आधी म्हणायचा वेड लागलंय का, आता तोच चहा करतो, कारण उठल्यावर मी चिडचिड करत नाही म्हणे. रात्रीच्या दीड तासात जेवढं व्हायचं त्यापेक्षा सकाळी कितीतरी जास्त होतं, आणि गँक करणारे, म्हणजे एकट्याला गाठून मारणारे खेळाडू, पण तेव्हा झोपलेले असतात, हा बोनस. पीव्हीपी सर्व्हरवर, म्हणजे जिथे खेळाडू एकमेकांना मारू शकतात तिथे, असाल तर माझ्या मते हा एकच मुद्दा बाकी सगळ्या गाइडपेक्षा मोठा आहे.

बरं, आता रूट. हॉर्डची राजधानी ऑर्ग्रिमारच्या टॉवरवरून झेपेलिन थेट ग्रॉमगोलला येतं, तीस-एकतीसला आलात तरी चालेल. पण आल्या आल्या वाघांच्या मागे लागू नका. आधी ग्रॉमगोलचा फ्लाइट पाथ, म्हणजे उडत ये-जा करायचा थांबा, घ्या आणि मग सरळ बूटी बे गाठा, हो, इतक्या लवकर, रस्ता धरून, मध्ये काही लाल दिसलं की कडेने. हंटरला वीस लेव्हलला चीता आस्पेक्ट, म्हणजे जोरात धावायची शक्ती, मिळतो तो इथे कामाला येतो, फक्त मार बसला की चक्कर आल्यासारखं एकदम हळू व्हायला होतं, तेवढं सांभाळायचं. दुसरा मार्ग म्हणजे रॅचेट बंदराहून बोट पकडायची, ती बूटी बेलाच लागते, मला हाच जास्त आवडतो कारण वाटेत कोणी खात नाही.

बूटी बेला आधी का, तर तिथले गॉब्लिन लोक जे मागतात ते बरंचसं उत्तरेत मिळतं. एकाला व्हेंचर कंपनीच्या जिओलॉजिस्टकडचे क्रिस्टल हवेत, ते उत्तरेच्या तळ्याजवळ. ड्रिझलिकला मगरीचं कातडं हवं, मगरी नदीत. केबॉकला ब्लडस्कॅल्प ट्रोलचे कान हवेत, आणि ते ट्रोल ग्रॉमगोलच्या वरच्या अंगाला. हे सगळं आधी उचललं नाही तर काय होतं, तुम्ही ब्लडस्कॅल्पांना ग्रॉमगोलच्या क्वेस्टसाठी एकदा मारता, मग बूटी बेला पोचल्यावर केबॉक म्हणतो कान आणा, की परत त्याच ट्रोलांकडे. क्लासिकमध्ये क्वेस्ट लॉग, म्हणजे एका वेळी हातात ठेवता येणाऱ्या कामांची यादी, वीसचाच, त्यामुळे जुन्या झोनचं उरलंसुरलं निर्दयपणे काढून टाका आधी. एलिटवाल्या, म्हणजे एकट्याला जड जाणाऱ्या शत्रूंच्या, अडकलेल्या क्वेस्ट, कधीतरी करू म्हणून ठेवलेल्या, सगळ्या डिलीट. माझ्या आतेभावाच्या लॉगमध्ये ॲशेनव्हेल या जुन्या झोनची एक क्वेस्ट पस्तीसव्या लेव्हलपर्यंत होती, का तर सेंटिमेंट.

मग विमानाने, म्हणजे त्या पंखवाल्या सिंहासारख्या विव्हर्नने, परत ग्रॉमगोल, हार्थस्टोन (ठरवलेल्या जागी क्षणात परत आणणारा दगड) तिथल्या इनला, म्हणजे सरायीला, लावायचा, आणि आता नेसिंगवारीच्या कॅम्पला. शिकारीच्या तीन साखळ्या आहेत तिथे, वाघ बिबटे रॅप्टर, प्रत्येकीत दहा-दहा मारायचे, मग पुढची पायरी, जनावर मोठं होत जातं. लोक इथे फसतात ते असं की एक साखळी धरतात आणि संपेपर्यंत सोडत नाहीत. नको. लहान वाघ आणि लहान बिबटे कॅम्पच्या आजूबाजूला एकत्रच फिरतात, दोन्ही सोबत मारा, परत या, दोन्ही जमा करा, पुढचे घ्या. रॅप्टरचं तर अजून मस्त आहे, लॅशटेल रॅप्टर नेसिंगवारी पण मागतो आणि ग्रॉमगोलच्या डिफेन्सची क्वेस्ट पण मागते, एकच रॅप्टर दोन्हीकडे मोजला जातो. म्हणून ग्रॉमगोलवाली क्वेस्ट घेऊन ठेवा आणि लॅशटेलला तोपर्यंत हातच लावू नका.

आणि हे सगळं एका दमात संपवायचं नाही. पस्तीसच्या आसपास आलात की शॅडोमॉ बिबटे समोर येतात, ते स्टेल्थमध्ये, म्हणजे न दिसता, असतात आणि सदतीसच्या पुढचे, एक मारताना दुसरा पाठीत चावतो. तेव्हा गाशा गुंडाळा. थाउजंड नीडल्सचं शिमरिंग फ्लॅट्स राहिलं असेल तर ते, नाहीतर डेसोलेस, अराथी, जे आवडेल ते. सदतीस-अडतीसला परत यायचं, स्कलस्प्लिटर ट्रोल आणि उरलेली शिकार, आणि चाळीसला माउंट घेऊन तिसऱ्यांदा, तेव्हा दक्षिणेचं सगळं, गोरिले, बासिलिस्क, ब्लडसेलचे चाचे. तिसऱ्या फेरीला हार्थ बूटी बेला.

लोकांना वाटतं मोठा मॉब मारला की जास्त एक्सपी, म्हणजे लेव्हल चढवणारे अनुभवाचे गुण, म्हणून ज्यांच्या लेव्हलचा आकडा नारिंगी-लाल दिसतो अशा वरच्या मॉबच्या मागे. हिशोब करा ना. क्लासिकमध्ये तुमच्याच लेव्हलचा मॉब देतो लेव्हल गुणिले पाच अधिक पंचेचाळीस, म्हणजे पस्तीसला २२०. वरचा असेल तर लेव्हलमागे पाच टक्के वाढ, म्हणजे तीन लेव्हल वरचा फक्त पंधरा टक्के जास्त देणार, २५३. आणि त्यासाठी काय मोजायचं, तर मेजचा, म्हणजे जादूगाराचा, स्पेल बरोबरीच्या मॉबवर चार टक्के वेळा चुकतो, दोन लेव्हल वरच्यावर सहा, आणि तीन लेव्हल वरच्यावर एकदम सतरा टक्के! हा खड्डा तिसऱ्या लेव्हललाच का ते ब्लिझार्डलाच माहीत, पण आहे. आतेभाऊ मेज खेळतो, कळव्यात राहतो, रोज व्हॉइसवर ओरडायचा, "ताई, परत रेझिस्ट, परत रेझिस्ट". त्याला हे आकडे पाठवले तेव्हा कुठे खाली उतरला. खालचे मॉब उलट, तीन लेव्हल खालचा वाघ पस्तीसला पाऊण एक्सपी देतो पण मरतो पटकन आणि नंतर बसून पाणी प्यावं लागत नाही. लेव्हलचा आकडा हिरवा, म्हणजे खालचा, दिसला की नाक मुरडू नका.

मग रेस्टेड. इनमध्ये लॉगआउट केलं की दर आठ तासांना लेव्हलचा पाच टक्के रेस्टेड जमतो, आणि तो असेपर्यंत मॉब मारायचा एक्सपी डबल. बाहेर जंगलात लॉगआउट केलं तर हेच चारपट हळू. म्हणून साडेसातचा अलार्म मी सात-वीसचा केलाय, हार्थ मारून इनमध्ये उभं राहायचं आणि मगच लॅपटॉप बंद, कुकरची शिट्टी होऊ दे नाहीतर दूधवाला बेल वाजवू दे. दिवसभर ऑफिस, ट्रान्सहार्बरची गर्दी, संध्याकाळचा स्वयंपाक, तोपर्यंत तिकडे आपोआप भरत असतं. कमाल मर्यादा दीड लेव्हलची, आणि ती भरायला बरोबर दहा दिवस लागतात. म्हणजे बघा, गणपतीला गावी गेलात आणि विसर्जन करूनच परत आलात तर बार काठोकाठ. कोकणातल्या घरी नेटवर्क नसतं याचं दुःख करत बसण्यापेक्षा निघायच्या आदल्या रात्री इनमध्ये लॉगआउट करा. मी तसंच केलं आणि परत आल्यावरचा पहिला आठवडा नुसता मारामारीचा ठेवला, कारण रेस्टेड क्वेस्ट जमा करण्याच्या एक्सपीला लागत नाही, फक्त मारण्याला लागतो. ट्रोलांचे कान वगैरे जिथे ड्रॉप रेटसाठी खूप मारावं लागतं तिथे तो खर्च करायचा.

हंटरवाल्यांसाठी थोडं. तीसला फेन डेथ, म्हणजे मेल्याचं सोंग, मिळतो, तो घेतल्याशिवाय इथे येऊच नका. पेटला उपाशी ठेवू नका, पेट खुश असेल तर सव्वापट डॅमेज, नाराज असेल तर पाऊणच, आणि इथे वाघ-रॅप्टर मारून मटण फुकट मिळतंय तर कंजूसपणा कशाला. शॅडोमॉसाठी ट्रॅक हिडन लावा, नाहीतर ते नुसते अंगावर येईपर्यंत कळत नाहीत. आणि ट्रोल सिल्क भरपूर टाकतात, सगळं विकू नका, फर्स्ट एड चढवा, हेवी सिल्क बँडेज ६४० हेल्थ देतं आठ सेकंदात, फेन डेथ करून उठायचं, बँडेज लावायचं, परत सुरू.

ग्रीन हिल्स ऑफ स्ट्रँगलथॉर्न या पुस्तकाच्या पानांबद्दल लिहायलाच पाहिजे कारण त्याच्यावरून आमच्यात भांडणं झालीत. नेसिंगवारी कॅम्पमध्ये बार्निल स्टोनपॉट या पुस्तकाची विखुरलेली पानं मागतो, झोनमधल्या कुठल्याही मॉबकडून कुठलंही पान पडतं, आणि प्रत्येक पान वेगळी वस्तू म्हणून बॅगेत वेगळा स्लॉट खातं. कातडी, मांस, सिल्क, बाण, त्यात ही पानं, बॅग पंधरा मिनिटांत फुल. आतेभाऊ म्हणतो फेकून दे. मी म्हणते पोस्टाने दुसऱ्या कॅरेक्टरला पाठवून दे, तिसऱ्या फेरीला एकदम बघू, जी दोनचार कमी पडतील ती ऑर्ग्रिमारच्या ऑक्शन हाउसमधून घेऊ. बूटी बेलाही ऑक्शन हाउस आहे पण ते न्यूट्रल, विकणाऱ्याकडून पंधरा टक्के कापतं, आपल्या शहरात पाचच टक्के, त्यामुळे जास्तीची पानं विकायची तर तिकडे नाही. त्याने फेकली आणि नंतर माझ्याकडेच मागायला आला, मी विकत दिली. घरचा म्हणून डिस्काउंट दिला नाही.

दोघांनी मिळून खेळायचं तर मारायच्या क्वेस्ट एकत्र करा, एकाने मारलेला वाघ दोघांनाही मोजला जातो. गोळा करायच्या क्वेस्टला एकत्र फिरलात तर एकाचे कान दुसऱ्याला चालत नाहीत, दुप्पट ट्रोल मारावे लागतात, तेव्हा वेगवेगळे व्हा. आम्ही वाघाला एकत्र आणि ट्रोलांना दोन टोकांना असं करायचो.

शेवटचा बँगलाश, पांढरा वाघ, ४३ चा एलिट. तो एकट्या हंटरने होतो असं म्हणणारे भेटतात आणि होतोही, पण आम्ही दोघं मिळून गेलो आणि तसंच सांगेन, बेचाळीस झाल्याशिवाय नको, पेटने धरायचा, मेजने लांबून, आणि हेल्थ गेली की फेन. अडचण एवढीच की आतेभाऊ पहाटे उठत नाही, त्यामुळे तो रविवारी दुपारी झाला, युरोपातल्या सकाळी, आणि तिथे आमच्या आधी दोन ग्रुप लाइनीत उभे होते. उभं राहिलो, वाघ परत उगवायची वाट बघत, आत्याने केलेलं थालीपीठ खात. आता बूटी बेच्या बोटीने रॅचेट आणि तिथून टॅनारिस, वाळवंटात तरी सगळं लांबून दिसतं.