स्कॉटलंडातला डिंक्या

नकाशावर एक लाल ठिपका होता आणि त्याच्या बाजूला एवढंच लिहिलेलं: लार्च, शेंडे वाळलेले, अंदाजे सहा झाडं. हेलिकॉप्टरमधून जंगल बघणाऱ्याला यापेक्षा जास्त दिसत नाही. पुढचं काम आमचं, झाडांचे रोग तपासणाऱ्यांचं. ठिपक्यापर्यंत चालत जायचं, झाड हुडकायचं, साल तासायची आणि ज्याची भीती आहे तोच रोग आहे की आणखी काही, ते सांगायचं.

जूनचा दुसरा आठवडा होता. डंकेल्ड गाव मागे टाकून मी टे नदीच्या वरच्या अंगाला निघाले. मोठा रस्ता सुटला की इकडे एकाच गाडीपुरता डांबरी पट्टा उरतो. समोरून कोणी आलं तर बाजूच्या फुगवट्यात गाडी घालून थांबायचं आणि जाणाऱ्याने हात वर करायचा. हात वर न करणारा बाहेरचा, हे इथे लगेच ओळखू येतं. दोन्ही बाजूंना चुना-माती न लावता रचलेल्या दगडी भिंती, त्यांच्यापलीकडे मेंढ्या, मेंढ्यांच्या वर गवताळ उतार आणि त्याच्याही वर ते जंगल. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता, पण ओलं सगळंच होतं. मोजे पँटवर ओढून घेतले, कारण कमरेएवढ्या नेच्यांमध्ये गोचिडं असतात आणि इथली गोचिडं माणसाला लाइमचा आजार देतात. मिज नावाची चिलटं तर गाडीचं दार उघडल्याबरोबर स्वागताला आली.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने कोणीही कोणाच्याही रानात जबाबदारीने फिरू शकतं, फाटकाला कुलूप घालून अडवता येत नाही. पण मी हिंडायला नाही, साल कापायला आले होते, म्हणून मालकिणीला आधी कळवलं होतं. रबरी बूट घातलेल्या, ऐंशीच्या घरातल्या बाई फाटकाशीच उभ्या होत्या. पायाशी म्हातारा कुत्रा.

"तूच का ती झाडांची डॉक्टर?"

मी हो म्हटलं. खरं तर आम्ही डॉक्टर नाही, पंचनामा करणारे. पण पहिल्याच वाक्याला ते कुठे सांगत बसणार!

लार्च हे झाड आपल्याकडच्यांना चटकन समजत नाही. पानं सुयांची, पण हिवाळ्यात सगळी झडतात. शरदात पिवळंधमक होतं, वसंतात पोपटी. मूळचं आल्प्सचं. डंकेल्डच्या कॅथीड्रलशेजारी 1738 साली लावलेलं एक झाड अजून उभं आहे. तिथल्या ड्यूक घराण्याने पुढे डोंगरच्या डोंगर लार्चने भरून काढले. कड्यांवर माणूस पोचेना तेव्हा तोफेत बिया भरून उडवल्या, असंही सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण तो कडा बघितला की विश्वास ठेवावासा वाटतो. नंतर जपानी लार्च आलं आणि दोघांचा संकर डंकेल्डलाच झाला. बाईंच्या रानात तोच होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा-बायकोने कुदळीने एकेक रोप लावलं होतं.

वर चढायला अर्धा तास लागला. बाई मागे राहतील असं वाटलं होतं, पण मीच धापा टाकत होते.

सहा नव्हे, अकरा झाडं निघाली. शेंड्याकडची पानं काळपट, मलूल. जमिनीवर जूनमध्ये पडायला नको एवढा हिरवा-तपकिरी सडा. आणि खोडावर, छातीच्या उंचीला, सालीच्या भेगेतून राळ ओघळून वाळलेली. मी बोटाने खरवडली, सुरीने साल उचलली. आतला भाग पांढरट असायला हवा, तो तांबूस-तपकिरी होता आणि त्या तपकिरीची कड स्पष्ट होती.

"डिंक्या," माझ्या तोंडून निघालं. मराठीत, मोठ्याने.

मी वरुडची. आमच्याकडे संत्र्याच्या खोडातून डिंक वाहायला लागला की घरात सुतक असल्यासारखं होतं. पुढे अकोल्याला शिकताना कळलं की डिंक्या करणारी ती फायटोफ्थोरा. बुरशीसारखी दिसते, पण खरी बुरशी नाही, पाण्यातून पोहत पसरणारा जीव आहे. तिच्याच एका बहिणीने 1845 पासून आयर्लंडचा बटाटा नासवला आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या हायलँड्समधला. लार्च मारणारी ही तिसरी बहीण. 2009 मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्येला लार्चवर सापडली, 2010 मध्ये स्कॉटलंडात. धुक्यातून, पावसाच्या थेंबांतून, ओढ्यातून जाते. बुटाच्या चिखलातूनही.

"काय म्हणालीस?" बाईंनी विचारलं.

सांगितलं. डिंक म्हणजे गोंद, म्हणून रोगाचं नाव डिंक्या.

"डिंकी?" त्या हसल्या. "आमच्याकडे डिंकी म्हणजे छोटंसं, गोंडस काहीतरी."

सालीचे तुकडे बाटलीत टाकले. बाटलीत द्रव असतो आणि चार-पाच धातूच्या गोळ्या. मिनिटभर खळखळा हलवायची, मग प्लास्टिकच्या पट्टीवर थेंब सोडायचे. करोनाच्या वेळी घरोघरी केली तशीच चाचणी. पट्टी बुंध्याच्या मुळीवर ठेवली आणि आम्ही दोघी वाकून बघत बसलो. कुत्राही. पहिली रेघ आली, ती नेहमीच येते. बाईंनी श्वास सोडला, त्यांना वाटलं संपलं. मी थांबा म्हटलं. दुसरी रेघ आधी शंका यावी इतकी फिकी, मग होता होता निळी झाली.

पट्टी फक्त फायटोफ्थोरा आहे एवढं सांगते, कुठली ते नाही. त्यासाठी नमुना एडिनबराजवळ रॉझलिनच्या प्रयोगशाळेत जातो. मी हे सगळं नियमाप्रमाणे सांगितलं. निकाल आल्याशिवाय काही नक्की नाही, झाडं तोडण्याची नोटीस काढणं माझ्या हातात नाही, लाकूड विकता येतं पण परवाना काढून ठरावीक गिरण्यांनाच. त्यांनी मध्येच हात वर केला.

"किती जातील?"

"ही अकरा. आणि आजूबाजूचे लार्चही, निरोगी दिसत असले तरी."

इथे भांडणारे मालक भेटतात, रडणारेही. बाई काहीच बोलल्या नाहीत. उतरताना एका झाडापाशी थांबून म्हणाल्या, की याचा शेंडा सशांनी दोनदा खाल्ला होता, तरी आलं. मग, "मशीन कुठल्या दिवशी येणार तेवढं आधी कळवायला सांग. मी बहिणीकडे जाऊन राहीन."

चहा झाला, लोण्याची जाड बिस्किटं झाली. मग मी फाटकाशी बसून बूट धुतले. आधी ब्रशने खाचांतली माती काढायची, मग जंतुनाशक. सुरी, बाटलीची पिशवी, गाडीची चाकं. बाईंनी आपले बूटही पुढे केले आणि कुत्र्याचे पाय बादलीत धरले. कुत्र्याला ते आवडलं नाही.

संध्याकाळी पाचला बाबांना फोन लावला, तिकडे साडेनऊ वाजलेले. स्कॉटलंडात डिंक्या सापडला म्हटल्यावर ते ताठ बसले असणार.

"मंग बोर्डो नाई लावत का थे लोकं?"

बोर्डो म्हणजे मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मीटरभर खोडाला लावायचं. लहानपणी ते काम माझं होतं, हात निळे व्हायचे. बाबांना समजावलं, की झाडं शंभर फुटी, रोग वरच्या पानांत, तिथून तो पावसाबरोबर उडतो. खोडाला काय फासणार? तोडणं हाच इलाज.

"आन तू सांगतं तोडा म्हणून?"

"मी फक्त चाचणी करते बाबा."

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "वरच्या वावरातले बारा झाडं म्याच उपटले होते. तुही माय महिनाभर तिकडं फिरकली नोहती. आठवते?"

आठवत नव्हतं. मी तेव्हा चौथीत असेन.

"मंग आता काय लावन थे म्हातारी?"

बर्च, ओक, स्कॉट्स पाइन, असं काहीबाही सांगितलं.

"संत्रा नाई होत काय तिकडं?"


नाही म्हटलं, बाबा, थंडी फार आहे.